फोनवरची ऑर्डर आणि रजिस्टरातली मोकळी ओळ

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात एका सबसेंटरवर, म्हणजे आरोग्य उपकेंद्रावर, सीएचओ (कम्युनिटी हेल्थ ऑफिसर) असलेल्या मुलीचं पत्र आलंय. मोठं आहे, थोडक्यात देते. ती लिहिते, "मावशी, मी बीएससी नर्सिंग केलंय, सीएचओ म्हणून हे तिसरं वर्ष. रोपलावणीच्या दिवसात एक ५५ वर्षांचे काका संध्याकाळी आले, पित्त उसळलंय म्हणाले. त्यांना बीपी-शुगरच्या गोळ्या चालू आहेत. मी पीएचसीच्या, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्राच्या, डॉक्टरांना फोन केला, ते कन्नड बोलतात म्हणून मी पण कन्नडमधून ॲसिडिटी आहे असं सांगितलं, त्यांनी पॅन्टोप्रॅझोल द्या म्हटलं, मी दिली. तासाभरात काका घामानं निथळत परत आले, १०८ बोलावून खानापूर आणि तिथून बेळगाव, हार्ट ॲटॅक निघाला. वाचले. आता घरचे विचारतात गोळी कुणी सांगितली, डॉक्टर म्हणतात मला छातीचं काही सांगितलंच नव्हतं, आणि रजिस्टरात फोनचं काहीच लिहिलेलं नाही, ती ओळ मोकळीच राहिली. एक सीनियर म्हणतात मागची वेळ टाकून भरून टाक, कोण बघतंय. त्यात एक प्रायव्हेट डॉक्टर संध्याकाळी त्यांच्या दवाखान्यात बसायला बोलवतायत, पैसे बरे देतात. मी नर्स प्रॅक्टिशनरचा कोर्स करू का? मग स्वतः औषध लिहिता येईल ना, कुणाला फोन करायला नको?"

अगं, काका वाचले हे आधी मनाशी धर. मग बाकीचं बोलू.

ती मोकळी ओळ मागच्या तारखेनं, मागच्या वेळेनं भरू नकोस. कुणीही सांगू दे, कितीही सीनियर असू दे. रजिस्टरात राहिलेलं नंतर लिहायची सरळ पद्धत आहे, आजची तारीख, आजची वेळ, "उशिरा केलेली नोंद" असा शब्द आणि मग त्या दिवशी काय झालं ते जसंच्या तसं, की इतके वाजता पेशंट आले, असं म्हणाले, मी बीपी बघितलं किंवा बघितलं नाही, इतके वाजता फोन केला, मी काय सांगितलं, मला काय सांगितलं, इतके वाजता गोळी दिली. खाली सही. फोनची वेळ तुझ्या मोबाईलच्या कॉल लॉगमध्ये असेल, आजच त्याचा स्क्रीनशॉट काढून ठेव, ते पुसलं जातं. आणि जे आठवत नाही तिथं आठवत नाही असंच लिही. उशिरा लिहिलेली खरी नोंद कमकुवत वाटली तरी उभी राहते, पण खोट्या वेळेची एक ओळ सापडली की तुझी तीन वर्षांची सगळी रजिस्टरं संशयात जातात, तू रात्रीअपरात्री केलेलं चांगलं काम सुद्धा. शाईवरून, आधीच्या-नंतरच्या ओळींवरून, पोर्टलवरच्या एन्ट्रीच्या वेळेवरून ते कळतंच.

आता तू सगळा दोष डॉक्टरांवर टाकलेला नाहीस हे मला पत्रात दिसलं आणि बरं वाटलं. कारण चूक कुठं झाली ते मला त्या एका शब्दात दिसतंय. काका "पित्त" म्हणाले, तू फोनवर "ॲसिडिटी" म्हणालीस, आणि डॉक्टरांनी ॲसिडिटीची गोळी सांगितली. पेशंटचा शब्द तुझ्या तोंडातून जाताना रोगाचं नाव होऊन गेला. डॉक्टरांच्या कानाला ५५ वर्षांचा शुगरचा माणूस पोचलाच नाही, फक्त ॲसिडिटी पोचली.

आपल्या भागात हे फार होतं, आणि भाषेमुळं जास्त होतं. आपली माणसं कशी बोलतात बघ, छातीत करकरतंय, जीव घाबराघुबरा होतोय, छातीवर दगड ठेवल्यागत झालंय, जबडा ओढतोय, खवाट्यात कळ मारतीय, आणि या सगळ्याला घरात एकच नाव, पित्त. शुगरच्या माणसाला तर छातीत दुखतच नाही कधीकधी, नुसता घाम, दम आणि मळमळ. असंच "अंगावरून वारं गेलं" म्हणतात, म्हणजे लकवा, अर्ध अंग लुळं पडलं. मी स्वतः बघितलंय, नवीन पोरीनं ते कन्नडमध्ये सांगताना गॅस झालाय असं सांगितलं, आणि समोरच्यानं गॅसची गोळी सांगितली. सुदैवानं म्हातारीचं तोंड वाकडं झालेलं दुसऱ्या सिस्टरनं बघितलं. "अंगावर जातंय" म्हटलं की पांढरं का लाल, किती दिवस, किती कपडे, हे विचारल्याशिवाय फोन उचलायचा नाही. म्हणून माझं सांगणं असं, पेशंटचा शब्द रजिस्टरात त्याच्याच मराठीत, देवनागरीत, अवतरणचिन्हात लिही, आणि फोनवर रोगाचं नाव घेऊच नकोस. जे बघितलंस ते सांग.

म्हणजे कसं, समज तू छातीचं विचारलं होतंस, आणि त्या दिवशीचाच फोन परत लावून बघू. "सर, मी अमुक सबसेंटरवरून सीएचओ बोलतेय. ५५ वर्षांचे पुरुष, बीपी आणि शुगर दोन्ही आहे, गोळ्या चालू आहेत. अर्ध्या तासापासून छातीच्या मध्ये जळजळ आणि जबड्यात ओढल्यासारखं, घाम आहे. बीपी इतकं, पल्स इतकी, सॅच्युरेशन इतकं, शुगर इतकी. मला हृदयाचं वाटतंय, ईसीजीसाठी पाठवते, तोपर्यंत काय देऊ?" एवढं बोलायला अर्धा मिनिट पण लागत नाही. हॉस्पिटलात यालाच एसबीएआर म्हणतात, आता काय चाललंय, आधीचं काय आहे, मला काय वाटतं, मला काय पाहिजे. शेवटची दोन वाक्यं आपण नर्सेस गिळतो, मला काय वाटतं आणि मला काय पाहिजे. आपल्याला शिकवलंयच तसं, की डॉक्टरांच्या पुढं मत मांडायचं नाही. तू सीएचओ आहेस, तुला ते मांडायलाच तिथं बसवलंय.

आणि सांगितलेली ऑर्डर परत म्हणून दाखवायची. हे मी पुस्तकातलं सांगत नाही. मी १९८९ साली नवीन स्टाफ होते, नाईटला एकटी, शिक्षण सगळं मराठी मिडियमचं आणि कन्नड बाजारापुरतं. एका शुगरच्या बाईची शुगर ४०० च्या वर गेली म्हणून मी डॉक्टरांच्या क्वार्टरला फोन लावला. लाईन खरखरत होती. ते म्हणाले "हदिनैदु", पंधरा. मला नुसतं "ऐदु" ऐकू आलं, पाच. मी लाल टोपणाच्या सिरिंजमध्ये पाच युनिट इन्सुलिन ओढलं, दिलं, आणि परत विचारलं नाही, कारण झोपेतून उठवलंय, चिडतील म्हणून. कागदावर पण लिहिलं नाही, सकाळी राऊंडला लिहून घेऊ म्हटलं. पहाटे ती बाई ओकाऱ्या करायला लागली, श्वास लांब लांब, हाक मारली तर नुसती बघायची. चार दिवस आयसीयूत होती. वाचली. मला मेमो आला, आणि तो येणं बरोबर होतं. "डॉक्टर, एक-पाच, पंधरा युनिट ना?" एवढंच विचारायचं होतं मला. आज पण बाजारात कुणी हदिनैदु रुपये म्हटलं तर माझ्या पोटात कालवतं.

तर फोनवर आकडा आला की एक-एक अंक सुटा म्हण, औषधाचं पूर्ण नाव म्हण, तोंडातून द्यायचं का सुई ते म्हण, आणि समोरून होय आलं की रजिस्टरात वेळ, डॉक्टरांचं नाव, ऑर्डर, "परत वाचून दाखवली" आणि सही. मग लगेच डॉक्टरांना व्हॉट्सॲपवर दोन ओळी, "सर, ६.४० च्या फोनप्रमाणे अमुक गोळी दिली, पेशंट पाठवत आहे." पेशंटचं नाव-फोटो ग्रुपवर नको, फक्त डॉक्टरांना. पुढच्या भेटीत रजिस्टरवर त्यांची सही घे. चांगल्या हॉस्पिटलांत तोंडी ऑर्डरवर ठरलेल्या वेळेत, बहुतेक ठिकाणी २४ तासांत, डॉक्टरांची सही लागतेच, तुझ्याकडं ती आठवड्याच्या मीटिंगला मिळाली तरी चालेल. डॉक्टर नाराज होतील असं वाटत असेल तर सांगते, चांगल्या डॉक्टरला हे आवडतं, त्याचंही रक्षण त्यात आहे. फोनवर नको वाटत असेल तर ई-संजीवनी, सरकारची ऑनलाइन डॉक्टरांचा सल्ला घ्यायची सेवा, आहेच, तिथं सल्ल्याची नोंद आपोआप राहते. नेट चालत नाही हे मला माहिती आहे, कणकुंबीच्या बाजूला पावसाळ्यात फोनला रेंज मिळाली तरी नशीब, म्हणूनच वहीतली सवय पक्की पाहिजे.

छातीच्या पेशंटबद्दल एक आत्ताच ठरवून ठेव. डॉक्टरांना भेटून लेखी मागून घे, की छातीत दुखणारा, घाम आलेला, चाळिशीच्या पुढचा माणूस आला तर फोन लागला नाही तरी मी काय करायचं. ॲस्पिरिन चघळायला द्यायची का, किती, कुणाला नाही. सॉर्बिट्रेटची गोळी जिभेखाली ठेवायची सवय आपल्याकडं घराघरात आहे, बीपी न बघता ती देऊ नको आणि देऊ देऊ नको, काही ॲटॅकमध्ये बीपी आधीच पडलेलं असतं, ती गोळी माणसाला आडवं करते. कर्नाटकात पुनीत राजकुमार हृदय ज्योती योजना आहे, त्यात ठरलेल्या सरकारी हॉस्पिटलांत ईसीजी काढून जयदेवसारख्या हृदयाच्या मोठ्या हॉस्पिटलला दाखवतात आणि गुठळी विरघळवायचं टेनेक्टेप्लेझ इंजेक्शन फुकट देतात. तुझ्या गावाला सगळ्यात जवळचं असं हॉस्पिटल कुठलं, हे पेशंट दारात आल्यावर शोधायचं नसतं, नंबर भिंतीवर लावून ठेव. गुठळीचं इंजेक्शन जितकं लवकर तितकं हृदय वाचतं, १२ तासांनंतर त्याचा फायदा फारसा राहत नाही. तुमच्याकडून खानापूर, खानापुरातून बेळगाव २५-३० किलोमीटर, वाटेतला प्रत्येक थांबा त्यातूनच वजा होतो.

आता तो संध्याकाळचा दवाखाना. नको. पैशाची अडचण मला कळते, कॉन्ट्रॅक्टची नोकरी, पगार वेळेवर नाही, घरचे हप्ते. तरी नको. तुला तिथं "बसायला" बोलवलंय, म्हणजे डॉक्टर नसताना पेशंट तपासायला, सुई मारायला, सलाईन लावायला, पाटी त्यांची आणि हात तुझा. नॅशनल मेडिकल कमिशनचा २०१९ चा कायदा आहे, त्याच्या ३२ व्या कलमात कम्युनिटी हेल्थ प्रोव्हायडरसाठी मर्यादित परवान्याची तरतूद आहे, फक्त प्राथमिक आणि प्रतिबंधात्मक उपचारापुरतं ठरलेलं औषध स्वतः लिहिता येईल, बाकी डॉक्टरच्या देखरेखीखाली. बरेच जण हेच कलम दाखवून तुम्हाला पटवतात की तुम्हाला आता अधिकार आलाय. खरं तुझी सीएचओच्या नेमणुकीची ऑर्डर म्हणजे तो परवाना नव्हे. आणि त्याच कायद्याच्या ३४ व्या कलमात परवान्याशिवाय प्रॅक्टिस केली तर एक वर्षापर्यंत कैद किंवा पाच लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही आहे. १९९६ साली सुप्रीम कोर्टानं पूनम वर्मा विरुद्ध अश्विन पटेल या केसमध्ये सांगितलं की होमिओपॅथीच्या डॉक्टरनं ॲलोपॅथीची औषधं दिली, जे शास्त्र तो शिकला नाही त्यात हात घातला, तोच निष्काळजीपणा आहे, वेगळा पुरावा नको. तो तर डॉक्टर होता गं. तिथं काही झालं तर तुझ्या बाजूनं कोण उभं राहील? सरकारी नोकरीतली तू, खाजगी दवाखान्यात, नावावर कागद नाही.

सबसेंटरवर तुझ्यापाठी मात्र सगळा आधार आहे, तो वापर. शंभरावर औषधांची यादी आहे, १४ तपासण्या आहेत, बीपी-शुगरच्या गोळ्या डॉक्टरांनी सुरू केल्या की महिन्याच्या महिन्याला देणं, बीपी बघणं, ३० च्या पुढच्या प्रत्येकाची तपासणी, तोंडाच्या, स्तनाच्या, गर्भाशयाच्या तोंडाच्या कॅन्सरची सुद्धा. डॉक्टरला वेळ नसतो, तुला त्या माणसाच्या घरात कोण गोळ्या आणतं, कोण लपवतं हे माहिती असतं. त्या काकांची बीपी-शुगर शेवटची कधी बघितली होती? हे मी दोष द्यायला विचारत नाही, त्यांच्या नावाचं पान उघडून बघ, पुढच्या दहा माणसांसाठी उपयोगी पडेल.

"सुई मारा की बाई, लांबून आलोय" याला मी पण कंटाळले होते. त्यावर एकच उपाय मला सापडला. पेशंटला बसवायचं, बीपीचा पट्टा बांधायचा, आकडा मोठ्यानं सांगायचा, पोटाला हात लावून बघायचं, आणि मग सुई का नको ते सांगायचं. हात न लावता नाही म्हटलं की त्याला वाटतं हाकलून दिलं. दहा मिनिटं जातात, जाऊ देत. आणि गावातले तुला डॉक्टरीणबाई म्हणतात तेव्हा हसून एकदा सांग, मी डॉक्टर नव्हे, तुमच्या गावची आरोग्य अधिकारी. गावासमोर एकदा स्पष्ट झालं की पुढं पाठवते म्हटल्यावर कमीपणा वाटत नाही, ना त्यांना ना तुला.

नर्स प्रॅक्टिशनरच्या कोर्सबद्दल मनापासून सांगते, कर, खरं तू मनात धरलेल्या कारणासाठी नको. तू म्हणतेस कुणाला फोन करायला नको. ही कल्पना जिथून आली तिथंच बघ, १९६५ साली अमेरिकेत कोलोरॅडो विद्यापीठात लॉरेटा फोर्ड या नर्सनं आणि हेन्री सिल्व्हर या लहान मुलांच्या डॉक्टरनं मिळून पहिला कोर्स काढला, जिथं डॉक्टर पुरत नव्हते तिथल्या मुलांसाठी. नर्स आणि डॉक्टर शेजारी शेजारी, अशी सुरुवात. आज तिथल्या निम्म्याहून जास्त राज्यांत नर्स प्रॅक्टिशनर स्वतंत्रपणे तपासतात, औषध लिहितात, खरं तिथला कायदा, तिथलं शिक्षण, तिथली परीक्षा वेगळी. इथं इंडियन नर्सिंग कौन्सिलनं आखलेला क्रिटिकल केअरचा कोर्स आहे, दोन वर्षांची रेसिडेन्सी, बीएससी आणि कामाचा अनुभव लागतो, बराचसा वेळ आयसीयूत पेशंटजवळ. तो करून तू फार तयार होशील, व्हेंटिलेटर, ईसीजी, रक्ताचे रिपोर्ट, सगळं हातात येईल. खरं औषधाचा अधिकार तिथं पण हॉस्पिटलच्या ठरलेल्या प्रोटोकॉलच्या आत. बाहेर येऊन बोर्ड लावून बसायचा तो कोर्स नव्हे. तुझ्या पत्रात दोनदा बाळंतिणींचा उल्लेख आलाय आणि तिथं तुझं लिहिणं एकदम खुललंय, म्हणून मिडवाईफरीच्या नर्स प्रॅक्टिशनरकडं पण बघ, २०१८ च्या केंद्राच्या गाईडलाईनप्रमाणे तो १८ महिन्यांचा आहे. कुठल्याही कॉलेजनं "हा केला की स्वतंत्र प्रॅक्टिस" असं सांगून फी मागितली तर तसं लेखी द्या म्हण, देणार नाहीत. आणि चंदगड-गडहिंग्लजच्या बाजूला, म्हणजे महाराष्ट्रात नोकरी बघत असशील तर आपल्या कर्नाटक कौन्सिलचं रजिस्ट्रेशन तिकडं नुसतं दाखवून चालत नाही, महाराष्ट्र कौन्सिलकडं नोंद करून घ्यावी लागते, त्या कामाला वेळ लागतो, आधीच सुरू कर.

राहिले काकांच्या घरचे. त्यांना टाळू नकोस, आणि एकटी पण जाऊ नकोस. आधी डॉक्टरांशी बस, भांडायला नको, तुझी उशिराची नोंद त्यांना वाचायला दे, मी छातीचं विचारलं नाही आणि तुम्ही पण विचारलं नाही, दोघांचं राहिलं, असं सरळ बोल. ते मानले तर त्यांना घेऊन जा, नाही मानले तर आशाताईला बरोबर घे. घरी मराठीतच बोल, काय झालं ते सांग, गोळी फोनवरच्या सल्ल्यानं मी दिली, ॲटॅक माझ्या लक्षात आला नाही, याचं मला वाईट वाटतं. डॉक्टर काय म्हणाले यावर तिथं वाद नको. ते चिडतील, एखादा शब्द वाईट पण बोलतील, ऐकून घे. मग काकांच्या डिस्चार्जचा कागद बघायला माग, बेळगावात कुठल्या गोळ्या लिहून दिल्यात, रक्त पातळ करायची चालू आहे का, पित्त बरं झालं म्हणून कुणी बंद तर केली नाही ना ते बघ. बीपीचं मशीन बरोबर घेऊन जा.